गाणारे शेताकडे का गेले?

(सहायकांच्या वार्षिक मेळाव्यात आपल्या फिरत्या गायन पथकाच्या संयोजिका भगिनींनी केलेले भाषण. मेळाव्याला येऊ न शकलेल्या वाचकांसाठी ते येथे देत आहोत. – संपादक)



मला विषय दिला आहे 'गायन पथकाचे फिरते जीवन'. आमचा फोटो आपण पाहिलेला आहे. अहवालाच्या मुखपृष्ठावर तोच होता. जीपपुढे आम्ही सहा जण उभे, मधे पेटी, ढोलकीवाल्या दादांच्या गळ्यात ढोलकी आणि मागे सातपुड्याचा डोंगर. तो पाहून पुष्कळांनी फोन केले, आशीर्वाद दिले. आज मी त्या फोटोत जे आलं नाही ते सांगणार आहे. त्यात माझी एक चूक आहे. ती आपल्याला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळलेली बरी.

आधी आम्ही कोण ते सांगते. पेटीवर मास्तर. ते आश्रमशाळेतून निवृत्त झाले आहेत आणि त्यांचा आवाज बसला असला तरी बोटं अजून तरुण आहेत. ढोलकीवर पावरा समाजातले एक दादा. गाणाऱ्या दोघी ताई, त्या एकमेकींच्या नणंद-भावजय. जीप चालवणारा भाऊ झांजाही वाजवतो. आणि मी. मी गात नाही. मी बोलते, गावात निरोप पाठवते, आरोग्य केंद्राशी तारखा जुळवते आणि हिशोबाची वही सांभाळते. या वहीकडे आपण नंतर येणार आहोत.

आमचं क्षेत्र नंदुरबार जिल्हा. अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगीकडे, तिथून धडगावकडे, आणि खाली नवापूरच्या बाजूला. आम्ही गातो ती गाणी सिकलसेलच्या तपासणीची, डासांपासून जपण्याची, मुलांना शाळेत टिकवण्याची आणि हंगामी वसतिगृहात नाव घालण्याची असतात. मंडळीने बोलावलं तर भजनंही गातो. पण एक नियम आम्ही पहिल्या वर्षापासून पाळला आहे. ज्या पाड्यावर आरोग्याचा कार्यक्रम ठरला, तिथे आरोग्याचाच कार्यक्रम होतो. रक्त तपासायला आलेल्या माणसाला भजनाला बसवायचं नाही. कुणी विचारलं, "ताई, तुम्ही कोण?" तर लपवायचं नाही, सरळ सांगायचं. म्हणूनच आज ज्यांच्या घरी ख्रिस्ताचं नाव घेतलं जात नाही, तेही आम्हाला ओसरीवर जागा देतात.

गात गात फिरणं आपल्या मराठी मंडळीला नवं नाही. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये एकोणिसाव्या शतकातच कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आपल्याला आपल्याच भाषेत आणि आपल्याच चालीत गायला शिकवलं. १९१९ साली ते गेले, पण त्यांची पदं आपण आजही म्हणतो. फक्त तो रस्ता मैदानातल्या मराठी गावांचा होता. आमच्या डोंगरात एक कडं ओलांडलं की बोली बदलते. नवापूरकडे मावची, धडगावकडे पावरी, मधे भिलीचे किती प्रकार! सुरुवातीला आम्ही छान शुद्ध मराठी गाणी घेऊन गेलो. लोकांनी शांतपणे ऐकली. शेवटी एका आजीने विचारलं, "गाणं चांगलं होतं, पण कशाचं होतं?" तेव्हापासून गाणी दोघी ताईच बांधतात, त्यांच्या बोलीत, लग्नाच्या आणि होळीच्या चालींवर. मास्तरांची पेटी त्यांच्या मागे जाते.

आता एक दिवस सांगते. डोंगरात एकगठ्ठा गाव क्वचितच असतं. प्रत्येक घर आपल्या शेतात, एका टेकडीवर एक तर पलीकडच्या उतारावर दुसरं. दिवसा कुणी भेटत नाही, सगळे शेतात. म्हणून आम्ही ऊन उतरताना पोचतो. जीप जिथे थांबते तिथून पुढे पायी. पेटी डोक्यावर, ढोलकी पाठीला, तांदळाची पिशवी माझ्याकडे. अंधार पडला की दादा ढोलकीवर हात टाकतात. पावसाळी हवेत पुडी सैल पडते, मग आधी ती चुलीच्या उबेला धरायची. आवाज डोंगराला लागून परत येतो आणि मग एकेका उतारावर बॅटरीचे दिवे हलू लागतात. ते दिवे खाली आमच्याकडे येताना पाहणं, हे या कामातलं मला सर्वांत आवडणारं दृश्य आहे.

एका सहायक बांधवांनी आम्हाला मोठ्या प्रेमाने लाउडस्पीकरचा संच दिला होता. ते आज इथे आहेत, म्हणून कृतज्ञतेने सांगते. तो आम्ही पाड्यांवर नेला तेव्हा आवाज इतका स्वच्छ पोचला की लोक आपापल्या दारात बसूनच ऐकू लागले, खाली आलेच नाहीत! आणि खाली आले नाहीत तर रक्त कोण तपासणार? आता तो संच आम्ही आठवडे बाजारात वापरतो, तिथे त्याचा फार उपयोग होतो.

कार्यक्रम दीड-दोन तास चालतो. सिकलसेल म्हणजे काय ते आम्ही मक्याच्या दाण्यांनी दाखवतो. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, सांधे ठणकतात, रक्त कमी होतं. हे दुखणं आईबापाकडून येतं. एक ताई बाप होते, एक आई. दोघींच्या मुठीत एक पांढरा आणि एक लाल दाणा. लाल म्हणजे सिकलचा. एकच लाल दाणा असलेला माणूस वाहक. तो बहुधा धडधाकट असतो आणि त्याला स्वतःला पत्ताही नसतो. दोघींच्या मुठीतून एकेक दाणा लहान मुलाने उचलायचा. दोन्ही लाल आले तर बाळाला आजार. आईबाप दोघे वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात अशी शक्यता ४ पैकी १. २ वेळा बाळ वाहक निघण्याची आणि १ वेळा पूर्ण निरोगी असण्याची. म्हणून लग्नाआधी तपासणी करा, एवढंच ते गाणं सांगतं. २०२३ च्या जुलैपासून केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, त्यामुळे तपासणीची सोयही आता वाढली आहे.

एकदा हे दाणे उचलून झाल्यावर मागे बसलेली एक तरुण बाई पुढे आली. तिची दोन मुलं या दुखण्याने सारखी आजारी असायची. घरचे म्हणत होते की हिच्या पायगुणाने झालं. तिने लाल दाणा हातात घेतला आणि नवऱ्याच्या आईसमोर धरून विचारलं, "म्हणजे एक त्याच्याकडूनही येतो?" ताई म्हणाली, "दोघांकडून येतो. एकीकडून आला तर आजार होतच नाही." ती बाई काही बोलली नाही. दाणा कनवटीला लावून निघून गेली. पुढच्या आठवड्यात ती आणि तिचा नवरा दोघं आरोग्य केंद्रात आले. गाण्याने एवढं होतं, बंधू-भगिनींनो. सगळं होत नाही, पण एवढं होतं.

कार्यक्रमानंतर जेवण. जुवारीची भाकरी, उडदाची डाळ, लाल मिरचीचा ठेचा. भूक अशी लागलेली असते की त्याची चव शहरात येणार नाही. पण जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक घरांतली कणगी रिकामी व्हायला आलेली असते आणि नवीन पीक अजून उभं असतं. त्या दिवसांत सहा पाहुणे म्हणजे त्या घरचं दोन-तीन दिवसांचं धान्य. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना सांगतो की पुढे वाढतील ते खा. नको म्हणणं हा अपमानच आहे, हे आम्हीही शिकलो. म्हणून आता आमचे तांदूळ-डाळ आम्ही पोचल्याबरोबर त्या घरच्या बाईच्या हातात देतो आणि एकाच चुलीवर सगळ्यांचं होतं. हे शहाणपण मला सुचलेलं नाही. भावजय ताईंनी एकदा वाटेत हळूच सांगितलं, "ताई, काल ज्या घरी आपण जेवलो ना, त्या घरची माणसं आपल्यानंतर जेवायला बसलीच नाहीत."

मग झोपायचं ते शाळेच्या व्हरांड्यात, नाहीतर कुणाच्या पडवीत शेळ्यांच्या शेजारी. पहाटे पुन्हा निघायचं. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली तर दगड बाजूला होईपर्यंत जीपमध्ये बसून राहायचं. मास्तर पेटीचा भाता तपासत राहतात, ताई नवीन कडवं जुळवतात, दादा मांडीवर ताल धरतात. हे दिवस कष्टाचे असतात, पण खरं सांगते, आनंदाचे असतात.

इथपर्यंत सगळं मी याआधीही अनेक मंडळ्यांत सांगितलं आहे. आता पुढचं.

दिवाळी झाली की आमचे पाडे रिकामे होऊ लागतात. माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. नवापूर ओलांडलं की सोनगड, व्यारा आणि पुढे बारडोलीचा पट्टा. तिकडे साखर कारखान्यांचा हंगाम पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादम पावसाळ्यातच, घरात दाणा नसतो तेव्हा, उचल देऊन ठेवतो. उचल घेतली की हंगामभर त्याच्या टोळीत बांधलं गेलं. तिकडे पोटापुरती खावटी मिळते, थोडं धान्य आणि थोडी रोकड, तीही शेवटच्या हिशोबात वळती होते. हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. आपण हंगामी वसतिगृहातल्या मुलांना स्वेटर पाठवता ते याच कुटुंबांच्या मुलांना.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आमच्या पहिल्याच फेरीला ढोलकीवाले दादा आले नाहीत. घरी निरोप पाठवला तर घराला कडी. शेजारी म्हणाले, बायको-मुलाला घेऊन तोडीला गेले. मला राग आला. खरंच राग आला. मनात म्हटलं, न सांगता गेले. सेवेत असं करतात का? एका कॉलेजच्या मुलाला ढोलकीवर घेतलं आणि काम पुढे चालू ठेवलं.

जानेवारीत आम्ही ठरवलं की माणसं इथे नाहीत तर माणसं आहेत तिथे जाऊ. बारडोली भागातल्या एका पडावावर परवानगी मिळाली. पडाव म्हणजे उघड्या रानात बांबू आणि प्लास्टिकच्या कागदाच्या झोपड्या, ओळीने, गुडघ्याएवढ्या उंचीच्या दारांच्या. आम्ही संध्याकाळी पोचलो. माणसं पहाटेपासून फडात होती, ती अंधार पडल्यावर आली. बायकांच्या डोक्यावर वाढ्यांचे भारे होते. चुली पेटल्या. आम्ही सिकलसेलचं गाणं सुरू केलं, तर एक म्हातारे बाबा म्हणाले, "ते नंतर. आधी होळीचं म्हणा." होळी दीड महिना दूर होती. पण सातपुड्यातल्या माणसाला होळी म्हणजे काय ते काठीची होळी पाहिलेल्या माणसाला विचारा. मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी म्हटलं. झोपड्यांतून माणसं बाहेर आली आणि त्या चिखलाच्या जागेत त्यांनी फेर धरला. पंधरा मिनिटांनी कुणीतरी ओरडलं, "गाडी आली!" ट्रक भरायला निम्मे पुरुष उठून गेले. आमचा कार्यक्रम असाच झाला, गाडी येईपर्यंत आणि गाडी गेल्यानंतर.

गाडी गेल्यावर परत आलेल्या माणसांत आमचे दादा होते. आम्ही त्याच पडावावर आलो आहोत हे मला माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं. ते ढोलकीचा आवाज ऐकत होते, पण गाडी भरेपर्यंत येऊ शकत नव्हते. मास्तर उठले आणि त्यांनी ढोलकी दादांपुढे धरली. दादांनी दोन्ही तळवे चुलीच्या उजेडात उघडून दाखवले. कोयत्याच्या मुठीने फोड येऊन फुटलेले होते, पाल्याने बोटांवर बारीक चिरा पडल्या होत्या. म्हणाले, "मास्तर, आता हात बसत नाही."

नंतर मी त्यांना बाजूला विचारलं, "दादा, जाताना सांगितलं का नाही?"

ते म्हणाले, "सांगितलं होतं ताई. पावसाळ्यात."

"काय सांगितलं होतं?"

"दोन आठवडे येत नाही, निंदणीला जातो, असं म्हणालो होतो. तुम्ही म्हणालात, दादा, सेवेत खंड पडू देऊ नका. मग मी आलो."

मला आठवलं. शब्दन् शब्द आठवला. निंदणीचे ते दिवस गेले, हातात मजुरी आली नाही, मुलगा आजारी पडला आणि त्यांनी मुकादमाकडून उचल घेतली. हे सगळं ते तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते, भाव विचारल्यावर सांगावा तसं सांगत होते. मी गप्प बसले. मग तेच म्हणाले, "तुम्ही वहीत सगळं लिहिता ताई. डिझेल लिहिता. चहा लिहिता. ढोलकीला पुडी बसवली तर तीही लिहिता." एवढंच बोलून थांबले आणि झोपायला गेले. पहाटे चारला उठायचं होतं.

दुसऱ्या दिवशी परतताना आम्ही नवापूरला थांबलो. नवापूर स्टेशन आपल्यापैकी काहींनी पाहिलं असेल. राज्याची हद्द स्टेशनातूनच जाते. अर्धा फलाट गुजरातेत, अर्धा महाराष्ट्रात, आणि एक बाक असा आहे की दोघं बसले तर एक त्या राज्यात आणि एक या राज्यात. बाकीचे चहाला गेले होते. त्या बाकावर बसून मी वही उघडली.

जून ते दिवाळी, दादा आमच्याबरोबर ४२ दिवस फिरले होते. त्या ४२ दिवसांचं डिझेल वहीत होतं. घाटात पंक्चर काढलं त्याचे पैसे होते. पेटीच्या सुरांची दुरुस्ती होती. माझा पगार कार्यालयाच्या खात्यावर होता, चालक भावाचाही होता. मास्तरांना पेन्शन आहे. राहिले तीन जण. दादा आणि दोघी ताई. तिघेही आदिवासी, तिघांचीही कोरडवाहू शेती दोन-तीन एकरांची, तिघेही मजुरीवर जगणारे. आदिवासींच्या कल्याणासाठी निघालेल्या आमच्या जीपमध्ये सहा जण होते आणि ज्यांच्या नावापुढे एक रुपयाही नव्हता ते तिघेच आदिवासी होते. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. आम्ही त्याला 'सेवा' असं नाव दिलं होतं आणि मग पुन्हा त्या शब्दाकडे पाहिलंच नव्हतं.

मी ईश्वरविज्ञानाची पदविका घेतली आहे. नहेम्याचं पुस्तक आम्हाला अभ्यासाला होतं. त्याचा बारावा अध्याय आपण सर्वांना आवडतो. यरुशलेमेचा कोट बांधून झाला आहे, समर्पणाचा दिवस आहे आणि गाणाऱ्यांची दोन पथकं कोटावरून दोन दिशांनी चालत आहेत. नव्या मंदिराच्या समर्पणाला हाच अध्याय वाचला जातो. तो आमच्या मुखपृष्ठावरचा फोटो आहे. पण तेराव्या अध्यायावर प्रवचन मी तरी क्वचितच ऐकलं. नहेम्या काही काळ राजाकडे गेलेला असतो. परत येऊन पाहतो तर लेवी आणि गाणारे मंदिरात नाहीत. त्यांचे वाटे त्यांना दिलेच गेले नव्हते, म्हणून जो तो आपापल्या शेताकडे निघून गेला होता. आता यात नहेम्या काय करतो ते लक्षात घ्या. तो गाणाऱ्यांना दोष देत नाही. त्यांची निष्ठा कमी पडली असं म्हणत नाही. तो अधिकाऱ्यांना जाब विचारतो. मग गाणाऱ्यांना बोलावून पुन्हा त्यांच्या जागी उभं करतो आणि कोठारावर विश्वासू माणसं नेमतो. म्हणजे हिशोब नीट करतो.

त्या बाकावर मला कळलं की या गोष्टीत मी नहेम्या नाही. मी अधिकारी आहे.

परत आल्यावर मी समितीपुढे विषय मांडला. चर्चा सोपी झाली नाही. एका ज्येष्ठ बांधवांनी विचारलं, "पैसे घेऊन गायचं, तर ती सेवा कशी?" त्यांचा प्रश्न मी हलका समजत नाही. पैशासाठी कामात येणारी माणसं आपण सर्वांनी पाहिली आहेत. मी एवढंच म्हणाले, "दादा, मी पगार घेते. माझी सेवा आहे की नाही?" ते थोडा वेळ शांत राहिले. मग तेच म्हणाले की आपल्याकडे कीर्तनकाराला बिदागी देतात, लग्नात ढोल वाजवणाऱ्याला देतात, ती कुणी भीक समजत नाही. ठराव त्यांनीच मांडला.

ठरलं ते असं. पथकाबरोबर फिरलेल्या प्रत्येक दिवसाचं मानधन, त्या हंगामात रानात जी मजुरी चालू असेल तितकं, कमी नाही. ते त्याच दिवशी द्यायचं, महिन्याअखेर नाही, कारण दुकानदार महिन्याअखेरपर्यंत थांबत नाही. निंदणी आणि कापणीच्या आठवड्यांत फेरी ठेवायची नाही. आणि वहीत तीन नवे रकाने, तीन नावांचे.

याचा परिणाम आपण अहवालात पाहिला आहे. आधीच्या वर्षी आम्ही ६१ पाड्यांवर गेलो होतो. गेल्या वर्षी ३७. दोन सहायकांनी पत्र लिहून विचारलं की कार्य मंदावलं का? त्यांचं काही चुकलं नाही. आकडा कमी झाला तर विचारायलाच हवं. त्याचं उत्तर हे आहे: ६१ हा आकडा आम्ही तीन घरांच्या चुलीतून काढला होता. ३७ हा आमचा स्वतःचा आहे.

मी आपल्याला गोड शेवट सांगू शकत नाही. त्या हंगामाचा हिशोब झाला तेव्हा दादांची उचल पूर्ण फिटली नव्हती, ती पुढच्या वर्षावर गेली. गेल्या वर्षीही दोघं तोडीला गेले. पण उचल आधीपेक्षा कमी घ्यावी लागली आणि मुलगा या वेळी हंगामी वसतिगृहात राहिला. पावसाळ्यात दादा आमच्याबरोबर होते. हात पुन्हा बसला आहे. पहिले काही दिवस त्यांनी पुडीला नुसती बोटं लावून ठेवली होती, वाजवली नाही. नंतर एका रात्री मोलगीच्या पुढे, पाऊस थांबल्यावर, त्यांनी ताल धरला आणि मास्तरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. ताईंच्या घरीही बदल झाला आहे. आधी सासूबाई म्हणायच्या, "पुन्हा निघाल्या भटकायला." आता त्याच विचारतात, "पुढची फेरी कधी?"

आता दिवाळी जवळ आली आहे. मुकादम पाड्यांवर फिरून गेले आहेत. दादा या वर्षी जातील की नाही, हे मी इथे उभी असताना मला माहीत नाही. ते त्यांच्या शेतातल्या पिकावर, औषधाच्या बिलावर आणि काही अंशी आपल्यावर अवलंबून आहे.

म्हणून आज मी आपल्याकडे तीन गोष्टी मागते. पहिली, पथकासाठी देणगी देताना वस्तू देऊ नका. आमच्याकडे पेटी आहे, ढोलकी आहे, लाउडस्पीकर आहे. माणसांचे दिवस द्या. जून ते ऑक्टोबर या महिन्यांतल्या एका दिवसाचं तिघांचं मानधन एका कुटुंबाने उचललं तरी आमची एक फेरी उभी राहते. दुसरी, आपल्या मंडळीत एखादं गायन पथक साक्ष द्यायला येईल, तेव्हा त्यांना चहा द्या, हार घाला, आणि एकदा हळूच विचारा की आज तुमचा घरचा कोणता दिवस बुडाला? तिसरी, प्रार्थना करा. घाटांतल्या रस्त्यांसाठी करा, पडावावरच्या मुलांसाठी करा, आणि आमच्यासारख्या वही सांभाळणाऱ्यांसाठीही करा, की आम्ही काय लिहितो आणि कुणाचं नाव लिहायचं विसरतो, ते आम्हाला वेळेवर दिसावं.

पुढच्या वर्षीचा फोटो आम्ही नवीन काढणार आहोत. त्यात कोण कोण असेल हे मला ठाऊक नाही. पण जो त्यात असेल, त्याच्या घरची चूल त्या दिवशी पेटलेली असेल, एवढं पाहण्याची जबाबदारी आपली सर्वांची आहे.

 परमेश्वर आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.